भोपळा कोणी कापायचा?

गेल्या ऑक्टोबरात मी लेकीकडे होते. शिकागोपासून तासाभरावर तिचं घर. एका शनिवारी सकाळी ती म्हणाली, “आई, स्वेटर घाल, आज भोपळ्याच्या शेतावर जायचंय.” मला वाटलं, भाजी आणायला चाललोय. पण भाजीसाठी तीन कुटुंबं, तीन गाड्या आणि पोरांच्या पायात गमबूट कशाला, ते काही कळेना.

लेकीकडून भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी नातीला आदल्याच रात्री सांगितली होती. त्यामुळे गाडीत तिचा एकच प्रश्न, “आजी, तू आत मावशील एवढा मिळेल का गं?”

शेतावर पोहोचलो तर जत्राच भरलेली. उभ्या मक्यातून वाटा काढून केलेला भूलभुलैया, गरम सफरचंदाचा रस, रसाचे डोनट. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत गवताच्या गाठींवर बसवून आम्हाला थेट शेतात नेलं. आपल्याकडे भोपळा पानांखाली दडलेला असतो, शोधावा लागतो. तिथे थंडीनं वेल वाळून मातीला मिळालेले आणि नजर जाईल तिथवर नुसते भगवे गोळे! पोरं सुटलीच. जो भोपळा उचलवत नाही, तोच हवा.

शेतकरीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, “देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की भोपळा टिकत नाही.” मला हसूच आलं. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर भोपळे ठेवताना सासूबाई अगदी हेच बजावत.

हे सगळे भोपळे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी. आतला गर खरवडून काढायचा, सालीवर डोळे-दात कोरायचे, आत दिवा लावून दाराबाहेर मांडायचा आणि सण झाला की बहुतेक वेळा कचऱ्यात. मूळची ही आयर्लंडची रीत. तिकडे सलगम कोरत. ते लोक अमेरिकेत आले आणि त्यांना हे मोठं, मऊ फळ सापडलं. सगळं ऐकून घेतलं, पण एवढं अन्न फेकायचं हे माझ्या काही पचनी पडेना. मी एक बरासा भोपळा निवडला नि म्हटलं, “मी याचे घारगे करणार.”

लेकीची एक मैत्रीण मूळची हैदराबादची मराठी. ती म्हणाली, “काकू, तो नका घेऊ. मी एकदा फसलेय. घारग्यांचा पार लगदा झाला होता.” कोरण्याच्या भोपळ्याचा गर धागेदार आणि पाणचट असतो. कितीही पीठ घाला, पाणी सुटतच राहतं. तिनं मला मळणीच्या शेडमागे नेलं. तिथे कोपऱ्यात चपटे, फाका पडलेले, फिक्या मातकट रंगाचे भोपळे पडले होते, अगदी आपल्या मंडईतल्यासारखे. चीजच्या चकतीसारखे दिसतात म्हणून त्यांना तिथे ‘चीज पंपकिन’ म्हणतात. आपला लाल भोपळा, इंदूरच्या भाजीवाल्याचा कद्दू, बहुधा याच जातीचा. तुम्ही मुलांकडे गेलात तर भगव्या रंगाला भुलू नका, हाच घ्या. आणि भोपळा आपला, असं तरी कशाला म्हणा! मिरची-बटाट्यासारखा तोही मूळचा अमेरिकेचाच. मेक्सिकोतल्या एका गुहेत त्याच्या भाऊबंदांच्या दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत.

घरी येऊन भोपळा ओट्यावर ठेवला आणि माझे हात थांबले.

आमच्याकडे अख्खा भोपळा बाईनं कापायचा नाही. पहिला घाव पुरुषाचा, मग पुढचं बाईनं विळीवर करायचं. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, आई त्याच्यावर सुरी कशी चालवेल, असं सासूबाई सांगत. चाळीस वर्षं आमच्या घरात पहिला घाव ह्यांनी घातला. तीन वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून मी मंडीतून फाकच आणते. अख्खा भोपळा घरात आलेलाच नाही.

लेक बारा वर्षांची असताना तिनं एकदा सुरी उचलली होती. सासूबाई ओरडल्या, “ठेव ती खाली.” तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ती रीत तेव्हाही पटत नव्हती. पण मी म्हटलं, “आजी सांगतायत ना, ठेव.” तिनं ठेवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

जावई स्वयंपाकघरात आले. त्यांच्या आईकडेही हीच रीत. काही न विचारता त्यांनी सुरी घेतली. लेक सिंकपाशी पाठ करून उभी होती, पण तिचे हात थांबलेले मला दिसले.

“थांबा,” मी जावयांना म्हटलं. “तिला द्या.”

लेक वळली. काही बोलली नाही. हात पुसले, सुरी घेतली, देठाच्या बाजूला टोक रोवलं. साल कसली टणक! सुरी निम्म्यात अडकली. मग मीही तिच्या हातावर हात ठेवून जोर दिला, तेव्हा कुठे तो टचकन उघडला. आत गडद केशरी गर.

“अगं, किती बिया!” नात ओरडली आणि मोजायलाच बसली.

किसून गुळात शिजवला, मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाचं पीठ, वेलची, चिमूटभर मीठ. घारगे फुगले, टम्म. हैदराबादच्या मैत्रिणीला डबा गेला, शेजारच्या अमेरिकन आजींनाही गेला. कद्दू कटेगा तो सब में बँटेगा, असं आमच्या इंदूरला म्हणतातच. शेवटचा घाणा काढला तेव्हा नात दोनशे चौदावर होती आणि कोणी मध्ये बोललं की चिडत होती.