‘कॅन्सल’ची जाळी

इंग्रजांनी जाताना आपल्याकडे जे शब्द मागे ठेवले, त्यांत ‘कॅन्सल’ या शब्दाइतका घरोघर रुळलेला शब्द क्वचितच सापडेल. गाडी कॅन्सल होते, बेत कॅन्सल होतो, पावसाने जोर धरला की मुलांची सहलही कॅन्सल होते. ज्या आजीबाईंना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही त्यासुद्धा शेजारणीला बिनदिक्कत सांगतात, “आमचं काशीला जायचं कॅन्सल झालं हो!” ‘रद्द’ हा शब्द आपल्यापाशी आहे, पण त्याला कचेरीतल्या कागदाचा वास येतो. बोलताना तोंडात येतो तो कॅन्सलच. तेव्हा रोज घरात वावरणाऱ्या या पाहुण्याचे कूळ काय आणि गोत्र काय, याची एकदा चौकशी करावी असे मनात आले. चौकशीतून जे हाती लागले ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘कँसेली’ म्हणजे जाळी. आडव्याउभ्या पट्ट्या बसवून केलेली, आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना असे तशी. लेखनिकाला एखादा मजकूर बाद करायचा झाला की तो त्यावर तिरप्या रेघा ओढी आणि त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या रेघा ओढी. मजकुरावर जाळी उभी राही. असे जाळी घालणे म्हणजे ‘कँसेलारे’. हाच शब्द फ्रेंचांच्या हातून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला.

या जाळीचा गोतावळा मोठा आहे. रोमन न्यायालयात न्यायाधीश आणि गर्दी यांच्यामध्ये जाळीचा कठडा असे. त्या कठड्यापाशी उभा राहणारा दरवान तो ‘कँसेलॅरियस’. दरवानाचा पुढे चिटणीस झाला, चिटणिसाचा राजाचा मुद्राधारी झाला, आणि आज तोच जर्मनीत सरकारचा प्रमुख म्हणून ‘चॅन्सेलर’ आहे, तर विलायतेत अर्थमंत्री म्हणून ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर त्याचे चॅन्सेलर झाले. आज आपण त्या पदाला ‘कुलपती’ असे भारदस्त नाव दिले आहे. पण पदवीदान समारंभातला तो झगा जरा बाजूला सारला की आत जाळीपाशी उभा असलेला रोमन दरवान दिसतो! ख्रिस्ती देवळात वेदीभोवतीचा भाग जाळीने वेगळा केलेला असे, म्हणून तो ‘चॅन्सेल’. आपल्या हाडांच्या आतला स्पंजासारखा जाळीदार भाग, त्यालाही डॉक्टर ‘कॅन्सेलस’ हाड म्हणतात. म्हणजे ही जाळी आपण प्रत्येकजण अंगात घेऊन हिंडत असतो.

आता आपल्याकडे पाहा. जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ लावीत. हरताळ म्हणजे पिवळे खनिज द्रव्य. ते फासले की चूक झाकली जाई आणि त्यावर शुद्ध अक्षर लिहिता येई. ‘केल्या कामावर हरताळ फासला’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. (बाजार बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो हाट आणि ताळे यांतून आला आहे.) हरताळ मजकूर झाकतो. जाळी मात्र झाकत नाही. जाळीच्या आडून मूळ अक्षर दिसत राहते, वाचता येते; फक्त त्याचा अंमल संपलेला असतो. ‘कॅन्सल’ या शब्दातली खरी गोम हीच आहे, आणि जुन्या लोकांनी ती फार जपली होती.

टपालाचेच उदाहरण घ्या. १८४० च्या मे महिन्यात इंग्लंडात जगातले पहिले टपाल तिकीट निघाले, ते काळे ‘पेनी ब्लॅक’. एकदा वापरलेले तिकीट पुन्हा कुणी वापरू नये म्हणून त्यावर लाल शाईचा शिक्का मारीत. पण लोक काय कमी हुशार असतात? ती लाल शाई धुऊन काढून तिकिटे पुन्हा चालवू लागले. तेव्हा १८४१ साली सरकारने तिकीटच लाल केले आणि शिक्क्याची शाई काळी केली. तिकिटावरच्या या शिक्क्याला इंग्रजीत ‘कॅन्सलेशन’च म्हणतात. तिकीट कॅन्सल झाले याचा अर्थ ते फुकट गेले असा नव्हे. त्याने आपले काम चोख बजावले, पत्र मार्गी लागले, असा त्याचा अर्थ. संग्राहक तर तो शिक्का भिंग लावून वाचतात, कारण त्यात गाव असते आणि तारीख असते.

याहून मौज रेव्हेन्यू स्टॅम्पची. पावतीवर एक रुपयाचे तिकीट चिकटवून आपण त्यावर आडवी सही ठोकतो. ही सही कशासाठी, असे कुणाला विचारले तर दहांतले नऊजण “तशी पद्धत आहे” म्हणतील. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे ती सही म्हणजे तिकीट कॅन्सल करणे होय. नाव किंवा आद्याक्षरे आणि खरी तारीख तिकिटावर घालावी, म्हणजे ते पुन्हा वापरता येत नाही. आणि तसे कॅन्सल केले नाही तर कायदा म्हणतो की त्या तिकिटापुरता तो कागद बिनतिकिटाचाच! म्हणजे इथे कॅन्सल केल्याने कागद मरत नाही, उलट जिवंत होतो.

चेकचीही तीच तऱ्हा. नोकरीत नवे रुजू होणाऱ्या मुलाकडे कचेरी ‘कॅन्सल्ड चेक’ मागते. दोन रेघा ओढून मध्ये ‘कॅन्सल्ड’ लिहिलेला तो चेक पैशाच्या दृष्टीने कवडीमोलाचा. पण खाते क्रमांक आणि बँकेची शाखा दाखवणारा म्हणून मोलाचा. रेघांच्या आडून आकडे वाचता येतात म्हणूनच तो मागतात. अमेरिकेत मात्र ‘कॅन्सल्ड चेक’ म्हणजे ज्याचे पैसे बँकेने चुकते केले तो चेक.

कायद्यानेही हे पथ्य सांभाळले आहे. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या एकतिसाव्या कलमाखाली कोर्ट एखादा दस्त रद्द करू शकते. दस्त नोंदलेला असेल तर हुकूमनाम्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे जाते. तो अधिकारी आपल्या पुस्तकातले पान फाडत नाही. तिथल्या नकलेवर ‘हा दस्त रद्द झाला’ एवढी नोंद करतो.

माझे वडील वारले त्यानंतर रेशनकार्डावरून त्यांचे नाव कमी करायला मी गेलो होतो. कारकून वयस्क होता. त्याने पट्टी ठेवून तांबड्या शाईने नावावर एक सरळ रेघ ओढली, शेजारी तारीख घातली, सही केली आणि कार्ड परत देताना हलक्या आवाजात म्हणाला, “जपून ठेवा.” पुढे नवी कार्डे आली. त्यांवर वडिलांचे नाव नाही. अर्थात ते असायचे कारणही नाही. पण घरातल्या पेटीत ते जुने कार्ड आहे आणि त्यावरचे नाव त्या तांबड्या रेघेखाली आजही स्वच्छ वाचता येते. कुटुंबप्रमुख, वय, धंदा, सारे काही. माणूस गेला एवढेच ती रेघ सांगते. माणूस नव्हताच, असे ती सांगत नाही.

हे सांगायचे कारण असे की अलीकडे या शब्दाने नवे वळण घेतले आहे. आता माणसे कॅन्सल होतात. १९८१ साली ‘शिक’ नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाने प्रेमच कॅन्सल झाल्याचे गाणे काढले होते. ती थट्टा होती. पण पुढे जमाव एकत्र येऊन एखाद्या नामांकित माणसाला वाळीत टाकू लागला आणि त्यालाही हेच नाव पडले. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाने ‘कॅन्सल कल्चर’ हा २०१९ सालचा शब्द म्हणून निवडला. या रागाला काही ठिकाणी सबळ कारण होते, हे कबूल केले पाहिजे. ज्यांना आजवर कुणी जाब विचारला नव्हता अशा बड्या लोकांना त्यामुळे जाब द्यावा लागला. आणि वाळीत टाकणे आपल्याला तरी कुठे नवे आहे? ते गावकीने केले, जातपंचायतींनी केले. अखेर २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

परंतु जुन्या कॅन्सलच्या तीन अटी होत्या. रेघ कुणी ओढली त्याची सही हवी, कधी ओढली ती तारीख हवी, आणि खालचा मजकूर वाचता यायला हवा. जमावाच्या कॅन्सलला सही नसते, तारीख नसते, आणि माणसाचे बरेवाईट सारे एकदमच पुसून टाकण्याची घाई असते. म्हणजे नाव जाळीचे, काम हरताळाचे. शिवाय हरताळावर निदान शुद्ध अक्षर तरी लिहीत!

हा प्रकार चारचौघांतच चालतो असे नाही. लग्नाच्या बोलण्यात एकदा मोडता पडला की त्या घराचे नाव पुन्हा काढायचे नाही, भाऊ भावाशी भांडला की जुन्या फोटोतून त्याला कापून काढायचे, हे आपण आपल्या घरांतही केलेले आहे. दिवाळीत भाऊबीज येते. ज्या नावावर कधीकाळी रेघ ओढली गेली, ते रेघेखाली अजून वाचता येते की नाही, एवढे पाहायला हा दिवस बरा आहे. रेघ पुसाच असे मी म्हणत नाही. ती ओढायला त्या वेळी कारण असेलही. पण खालचे नाव वाचता येत असेल, तर निदान एक पत्र धाडायला पत्ता तरी हाताशी राहतो.