मक्याच्या वावराभोवती वाढलेले विद्यापीठ

इलिनॉय विद्यापीठ हे अमेरिकेतील मोठ्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. शिकागोच्या दक्षिणेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर अर्बाना आणि शॅम्पेन ही जुळी शहरे आहेत, आणि विद्यापीठाचे मुख्य आवार या दोन्हींत मिळून पसरले आहे. आवाराबाहेर पडले की नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. ५० हजारांहून अधिक विद्यार्थी शिकत असलेले हे विद्यापीठ उभे राहिले तेच मुळी जमिनीच्या आधाराने.

१८६२ साली अमेरिकी संसदेने मॉरिल कायदा केला. संसदेतील प्रत्येक प्रतिनिधीमागे ३० हजार एकर जमीन राज्याला द्यायची, ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे महाविद्यालय काढायचे, अशी ही योजना होती. इलिनॉयच्या वाट्याला ४ लाख ८० हजार एकरांचे हक्कपत्र आले. ही जमीन दूरच्या प्रांतांतली, तिथल्या मूळ रहिवाशांकडून सरकारने घेतलेली होती. विद्यापीठाचा इतिहास सांगताना ही बाजू वगळून चालणार नाही. १८६७ मध्ये स्थापना झाली आणि पुढच्या मार्चमध्ये जेमतेम पन्नास विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. १८७० मध्ये मुलींनाही प्रवेश देण्याचे ठरले. सुरुवातीचे ‘इंडस्ट्रियल युनिव्हर्सिटी’ हे नाव १८८५ मध्ये बदलले.

आवाराच्या मध्यावर आजही एक छोटे वावर आहे. त्याला ‘मोरो प्लॉट्स’ म्हणतात. १८७६ पासून इथे पिकांचा प्रयोग अखंड चालू आहे. इतका जुना शेतीप्रयोग अमेरिकेत दुसरा नाही. अर्ध्या अर्ध्या एकराच्या मूळ दहा तुकड्यांपैकी तीन उरले आहेत. एकात दरवर्षी मकाच, दुसऱ्यात मक्याची सोयाबीनशी फेरपालट, तिसऱ्यात मका, ओट आणि चारा आळीपाळीने. शेताच्या कडेला उभे राहिले तरी फरक कळतो. वर्षानुवर्षे एकच पीक घेतलेल्या, खताचा दाणाही न पाहिलेल्या पट्ट्यातला मका किरकोळ आणि पिवळट. फेरपालट आणि खत मिळालेला शेजारचा मका हिरवागार, माणसाहून उंच. पुस्तकातली पाने वाचून जे पटत नाही ते इथे पाच मिनिटांत पटते. या पिकावर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय १९६९ मध्ये चक्क जमिनीखाली बांधले गेले. संशोधनाला मान देणे म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रयोगातले ज्ञान बांधापर्यंत पोचवणे हेही विद्यापीठाचेच काम मानले गेले, आणि १९१४ च्या कायद्याने त्याला कृषी विस्ताराचे रूप मिळाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार यांची ही सांगड भारतातही आली. १९६० मध्ये पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले ते इलिनॉयच्या सहकार्याने आणि त्याच धर्तीवर. १९६८ मध्ये स्थापन झालेले राहुरीचे कृषी विद्यापीठही याच चौकटीतले. साठच्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉयच्या मदतीने अमेरिकी पिवळ्या सोयाबीनच्या चाचण्या घेतल्या. आज विदर्भ-मराठवाड्यात खरिपाचे गणित ज्या पिकावर बसते, त्याची एक मुळी अशी अर्बानापर्यंत जाते.

अभियांत्रिकी आणि विज्ञानातली कामगिरीही तेवढीच मोठी. ट्रान्झिस्टरच्या शोधातले भागीदार जॉन बार्डीन १९५१ मध्ये इथे प्राध्यापक म्हणून आले. इथेच त्यांनी लिऑन कूपर आणि आपला विद्यार्थी रॉबर्ट श्रीफर यांच्यासह अतिवाहकतेचा सिद्धांत मांडला. भौतिकशास्त्राचे नोबेल दोनदा, १९५६ आणि १९७२ मध्ये, मिळवणारे ते एकमेव शास्त्रज्ञ. १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावरून शिकवण्याची प्रणाली सुरू केली. तिच्या पडद्यासाठी केलेल्या खटपटीतून प्लाझ्मा पडदा जन्माला आला. १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी इथल्या महासंगणन केंद्रात ‘मोझेक’ ब्राउझर तयार केला. मजकूर आणि चित्र एकाच पानावर दिसू लागले, आणि इंटरनेट सामान्य माणसाच्या हाती आले.

पण या विद्यापीठाचे सर्वांत मोलाचे काम कदाचित वेगळेच आहे. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या तरुणांसाठी टिम न्युजंट यांनी १९४८ मध्ये विद्यापीठाच्या गेल्सबर्गच्या आवारात एक उपक्रम सुरू केला. वर्षभरात ते आवार बंद झाले, तेव्हा उपक्रम अर्बानाला हलवला. इमारतींना उतार आले, व्हीलचेअर चढवता येईल अशा बस आल्या, व्हीलचेअर बास्केटबॉलचा संघ उभा राहिला. १९६१ मध्ये अपंगांना वावरता येईल अशा इमारतींचे पहिले राष्ट्रीय मानक तयार झाले, त्यामागचे संशोधन इथलेच.

सरकारी विद्यापीठ असले तरी शिक्षण फुकट नाही. राज्यातल्या मुलांना फी कमी, बाहेरच्यांना आणि परदेशींना बरीच जास्त. २०१९ पासून इलिनॉयमधल्या ठरावीक उत्पन्नाखालील कुटुंबांतल्या पात्र मुलांची शिकवणी फी चार वर्षे माफ होते.