उचल फिटेपर्यंत सुटका नाही?

दसरा झाला की मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड टोळ्यांची वाहने जाऊ लागतात. बीड-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. कुणी नगरकडे जातो, कुणी सोलापूर-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. निघण्याआधी प्रत्येक कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि बाँडवर सही किंवा अंगठा दिलेला असतो. हा बाँड म्हणजे करारच. तो संपतो कसा, याबद्दल मात्र इतके चुकीचे समज पसरले आहेत की त्यांची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मजूरच मोजतो आहे.

आपला करार कायदा 1 सप्टेंबर 1872 पासून लागू आहे आणि तो बहुतांशी इंग्लंडच्या न्यायालयांत घडलेल्या तत्त्वांवर उभा आहे. तिथे करार संपण्याचे चार मुख्य मार्ग मानतात: ठरलेले काम पुरे होणे, दोघांनी मिळून तो मिटवणे, एकाने तो मोडणे आणि तो पाळणे अशक्य होणे. आपल्याकडेही हेच चार. गावात मात्र पाचवाच मार्ग सांगतात, उचल फिटेपर्यंत राबणे.

सर्वांत घट्ट बसलेला समज हाच, की पैसे घेतले म्हणजे काम करावेच लागते, नाहीतर पोलीस उचलून नेतात. एके काळी हे खरे होते. इंग्रज सरकारने 1859 साली एक कायदा केला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत जाण्याचा हुकूम देई, आणि हुकूम मोडला तर तुरुंग. तो कायदा 1925 साली रद्द झाला. त्याला शंभर वर्षे झाली, पण त्याची धमकी अजून दिली जाते. आज कोणतेही न्यायालय माणसाला मनाविरुद्ध ऊस तोडायला लावू शकत नाही. बाकी निघत असेल तर मुकादमाने दिवाणी दावा लावून ती सिद्ध करावी. फसवणुकीचा गुन्हा व्हायला पैसे घेतानाच बुडवण्याचा हेतू असावा लागतो. नंतर काम सुटले, एवढ्यावरून तो होत नाही.

समजा, उचल 80 हजारांची आणि काम झाले 50 हजारांचे. बाकी 30 हजार. बाँडात ‘काम सोडल्यास दुप्पट भरीन’ असे लिहिले असले तरी दुप्पट आपोआप मिळत नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा असते; तिच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवते. म्हणून तोडलेल्या टनांची नोंद मुकादमाच्या वहीत असते तशी स्वतःजवळही असलीच पाहिजे. हिशेबाच्या वेळी ज्याच्याकडे कागद, त्याचेच खरे ठरते. खाडे किती लावले, हेही त्याच नोंदीत आले पाहिजे.

मुकादम करार मोडू शकत नाही, हाही असाच समज. टोळी ठरवून ऐन वेळी ‘येऊ नका’ म्हणणे हा करारभंगच. लंडनमध्ये 1852 साली एका माणसाला 1 जूनपासून प्रवासात नोकर म्हणून नेण्याचे ठरले होते. त्याला मे महिन्यातच नकार कळवला गेला. त्याने जून उजाडण्याची वाट न पाहता दावा लावला आणि जिंकला. आपल्या कलम 39 मध्येही तेच तत्त्व आहे. समोरच्याने साफ नकार दिला की करार संपवायचा की नाही, ते दुसऱ्याने ठरवायचे.

आजारपणामुळे काम अशक्य झाले तर? 1863 सालच्या एका खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने म्हटले, की कुणाचीही चूक नसताना भाड्याने ठरलेले सभागृह जळून गेले, तर दोघेही करारातून मोकळे. आपल्या कलम 56 मधले उदाहरण तर उचलीशी अगदी जुळणारे आहे: आगाऊ पैसे घेऊन सहा महिने काम कबूल केलेला नट काही खेळांना आजारी पडतो, तर त्या खेळांपुरता करार रद्द होतो. त्याला दंड नाही. पण न केलेल्या कामाचे पैसे ठेवून घेता येत नाहीत, ते कलम 65 प्रमाणे परत करायचे. आणि नुसते काम अवघड झाले, फड लांब निघाला किंवा ऊस पडलेला निघाला, एवढ्याने करार संपत नाही. आठ महिन्यांत बांधायच्या 78 घरांना 22 महिने लागले, तरी 1956 साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठेकेदाराला सोडले नव्हते.

माणूस गेला तर? त्याच्या अंगमेहनतीचा करार त्याच्याबरोबर संपतो. मुलाने कोयता हातात घ्यावा, असे कोणताही कायदा सांगत नाही. पैशाची बाकी राहते, पण ती मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच. 2005 नंतर घेतलेल्या कर्जासाठी बापाचे देणे फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, हा आधारही हिंदू वारसा कायद्याने काढून घेतला आहे. बायकोने स्वतः कबुली दिलेली नसेल, तर नवऱ्याच्या एकट्याच्या अंगठ्याने ती बांधली जात नाही. बाँडवर नाव एकाचे आणि राबणूक दोघांची, ही रीत मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत अन्यायाची वाटते.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे मुळातच न जन्मलेला करार. उचल देणे हा गुन्हा नाही. पण तिच्यापोटी माणसाला कोंडून ठेवले, दुसरीकडे काम करू दिले नाही, मुलांना ओलीस धरले, तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो. मग बाँड रद्द आणि देणेही बुडीत. राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. ‘एशियाड खटला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आणखी पुढे जाऊन किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले कामही सक्तीची मजुरी ठरवले. आणि 1976 च्या कायद्यानुसार उचल हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही.

तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. वेठीला धरलेल्याला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा फोन क्रमांक 15100. फडावरूनही तो लावता येतो.