मध्यम गुणांचा विद्यार्थी आणि वैद्यकीय महाविद्यालयाची निवड

हुबळीच्या देशपांडे नगरातील एखाद्या मध्यमवर्गीय मराठी घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मुलीने दोन वर्षे अभ्यास करून ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा दिलेली आहे. निकाल लागला आहे. गुण वाईट नाहीत, परंतु फार चांगलेही नाहीत. आजी म्हणते, कोल्हापुरात मामा आहे, तिकडे पाहा. शेजारी म्हणतात, परदेशी पाठवा, तिथे खर्च कमी येतो. वडील मनातल्या मनात घराची किंमत करू लागतात. अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण प्रवेशाची व्यवस्था नीट समजावून सांगणारा क्वचितच भेटतो. वस्तुतः मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याचे नुकसान गुणांपेक्षा अज्ञानाने अधिक होते.

पूर्वी हा प्रश्न निराळ्या स्वरूपाचा होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता आणि इथल्या मुलांची दृष्टी मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज किंवा पुण्याचे बी. जे. मेडिकल कॉलेज यांकडे लागलेली असे. 1957 साली हुबळीतच कर्नाटक वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ‘किम्स’ या नावाने सर्वांना परिचित असलेली ती संस्था विद्यानगरात, म्हणजे देशपांडे नगरापासून हाकेच्या अंतरावर आहे. 1963 साली बेळगावास जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, 2003 साली धारवाडजवळ सत्तूर येथे श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर महाविद्यालय उघडले, आणि पुढे गदग, कारवार व हावेरी येथेही शासकीय महाविद्यालये आली. घराजवळच्या जागा वाढल्या. पण त्याहून कितीतरी अधिक वेगाने उमेदवार वाढले.

प्रथम आकडे पाहावेत. 2025 साली सुमारे 22 लाख विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली व 12 लाख 36 हजारांहून अधिक पात्र ठरले. त्याच्या आदल्या वर्षी देशातील एम.बी.बी.एस.च्या सर्व जागा मिळून सुमारे 1 लाख 18 हजार होत्या. म्हणजे एका जागेमागे दहा पात्र उमेदवार. त्या वर्षी खुल्या वर्गाला पात्रतेसाठी 720 पैकी 144 गुण पुरेसे होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की ‘पात्र’ होणे आणि ‘प्रवेश मिळणे’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट गुणांविषयी. मागील वर्षीच्या गुणांवरून यंदाचा अंदाज बांधणे हा अनेक घरांतून होणारा प्रमाद होय. 2024 साली 600 गुण मिळवणारा उमेदवार ऐंशी हजाराव्या क्रमांकाच्या आसपास होता. 2025 ची प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली, की तेवढेच गुण मिळवणारा पहिल्या दोन हजारांत गेला. प्रवेश मिळतो तो क्रमांकावर, गुणांवर नव्हे. म्हणून मागील वर्षी कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीत शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला, हे अधिकृत याद्यांतून पाहावे. पहिल्या फेरीची यादी पाहून निराश होऊ नये. पुढील फेऱ्यांत वरचे विद्यार्थी इतरत्र निघून जातात आणि सीमा खाली सरकते.

यानंतर दारे कोणती उघडी आहेत, ते पाहावे. शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात व त्या केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन यांच्या खटल्यात निवासाच्या अटीला मर्यादा घातली, त्यातून हा कोटा जन्मास आला. उरलेल्या 85 टक्के जागा राज्याच्या असतात. कर्नाटकात त्या परीक्षा प्राधिकरण भरते. मध्यम क्रमांकाच्या विद्यार्थ्याला अखिल भारतीय कोट्यातून शासकीय जागा मिळणे अवघडच असते. त्याची खरी आशा स्वतःच्या राज्यातच असते.

परंतु स्वतःचे राज्य कोणते? सीमाभागातील मराठी कुटुंबांची इथेच फसगत होते. मातृभाषा मराठी, आजोळ कोल्हापूरचे, म्हणून महाराष्ट्रात हक्क पोहोचतो, अशी अनेकांची समजूत असते. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. कर्नाटकाचा सर्वसाधारण नियम असा, की पहिलीपासून बारावीपर्यंत किमान सात वर्षे राज्यात शिक्षण झालेले असावे व दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा राज्यातून दिलेली असावी. आता हुबळीत दहावी करून शिकवणीसाठी लातूरला गेलेल्या व तिथे बारावी झालेल्या मुलाचे उदाहरण घ्यावे. तो कर्नाटकाच्या नियमात बसतो, महाराष्ट्राच्या नियमात बसत नाही. मामाच्या शिधापत्रिकेवर त्याचे नाव चढवून काहीही साधत नाही.

महाराष्ट्र शासन वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवते, हे खरे. पण त्या 865 गावांच्या दाव्यात हुबळी-धारवाड येत नाही. बेळगाव, निपाणी किंवा कारवारच्या विद्यार्थ्याने त्या सवलतीची चौकशी अवश्य करावी. देशपांडे नगरच्या विद्यार्थ्याने तिच्यावर विसंबू नये. उलट, स्वतःच्या राज्यातील सवलतींकडे मात्र दुर्लक्ष होते. कर्नाटकात ग्रामीण भागात पहिली ते दहावी शिकलेल्यांसाठी 15 टक्के व कन्नड माध्यमातून तेवढेच शिक्षण घेतलेल्यांसाठी 5 टक्के आरक्षण आहे. शाळेचा दाखला वेळेवर मिळवला नाही, म्हणून हाती आलेला हक्क सुटू नये. कल्याण कर्नाटकासाठीचे 371-जे कलमाखालील आरक्षण मात्र धारवाड जिल्ह्याला लागू नाही.

आता पैशाचा विचार. कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांत सर्व जागा एकाच मोलाच्या नसतात. त्यांपैकी काही ‘सरकारी जागा’ असतात; त्यांचे वार्षिक शुल्क एक-दीड लाखाच्या आसपास असते. त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणाऱ्या खासगी जागेवरील विद्यार्थ्याला दहा-बारा लाख मोजावे लागतात. अभिमत विद्यापीठांत हा आकडा बहुधा पंधरा ते पंचवीस लाखांपर्यंत जातो. बेळगावचे महाविद्यालय आज अभिमत विद्यापीठांत मोडते. तेव्हा घराजवळचे महाविद्यालय म्हणजे स्वस्तातले महाविद्यालय, असा हिशेब करू नये.

साधे गणित मांडावे. वार्षिक वीस लाख शुल्क धरले, तर साडेचार वर्षांचे नव्वद लाख होतात. वसतिगृह, जेवण व पुस्तके निराळी. एवढे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले, तर केवळ व्याज वर्षाला नऊ लाख, म्हणजे महिन्याला पंचाहत्तर हजार. आणि एम.बी.बी.एस. हा आज शेवटचा टप्पा नाही. पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च पुढे उभाच आहे. राहते घर गहाण टाकण्यापूर्वी हा हिशेब कागदावर लिहून त्या मुलीलाही दाखवावा. ज्या ऋणाखाली तिला उभे राहावयाचे आहे, ते तिला आधी ठाऊक असणे न्यायाचे आहे.

परदेशाचे दार स्वस्त दिसते, पण त्याला आणखी एक उंबरठा आहे. परदेशी पदवी घेऊन परतणाऱ्यास इथे व्यवसाय करण्यापूर्वी 300 गुणांची चाळणी परीक्षा द्यावी लागते व तीत 150 गुण मिळवावे लागतात. अलीकडच्या बहुतेक परीक्षांत चार-पाच जणांमागे जेमतेम एक उत्तीर्ण झालेला दिसतो. शिवाय 2021 च्या नियमांनुसार तेथील अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच संस्थेत बारा महिन्यांची उमेदवारी करावी लागते आणि परतल्यावर इथेही एक वर्षाची उमेदवारी असते. ज्या विद्यार्थ्याचा पाया कच्चा आहे, त्याची ही चाळणी परदेशात जाऊन टळत नाही. ती फक्त सहा वर्षे पुढे ढकलली जाते.

पसंतीक्रम भरताना एक गैरसमज हटकून आढळतो. ‘वरचे महाविद्यालय आधी लिहिले, तर खालचेही हातचे जाईल’ अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. क्रमांक लागला की यंत्रणा यादी वरून खाली वाचीत जाते व त्या क्रमांकाला मिळण्यासारखी पहिली जागा देते. वरची जागा मिळाली नाही, तर खालची तशीच राहते. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने व लांबलचक भरावी. मात्र जिचे शुल्क भरणे शक्य नाही, अशी जागा यादीत लिहूच नये. कारण पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडल्यास अनामत रक्कम जाते, आणि अभिमत विद्यापीठांसाठी ती रक्कम दोन लाखांची असते. त्याचप्रमाणे, अधिक चांगली जागा मिळताच आधीची आपोआप जाते, हेही ध्यानात ठेवावे.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा रुग्णालय पाहावे. वैद्यकशास्त्र खाटेशेजारी उभे राहून शिकावे लागते. जिथे बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांगा लागतात, तिथला विद्यार्थी पुष्कळ पाहतो व पुष्कळ शिकतो. नव्याने निघालेल्या शासकीय महाविद्यालयाला केवळ नाव नाही म्हणून नाकारणे शहाणपणाचे नव्हे. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या अशा संस्थेत रुग्णांची वाण नसते.

आणि यंदा काहीच न जमले तर? एक वर्ष पुन्हा प्रयत्न करणे योग्य आहे, पण कोणत्या विषयात गुण गेले व ते का गेले, याचे उत्तर हाती असेल तरच. नुसत्या आशेवर तिसरे आणि चौथे वर्ष घालवू नये. दंतवैद्यक, आयुर्वेद, पशुवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार या वाटाही रुग्णसेवेच्याच आहेत. परंतु त्या मनापासून धराव्यात, हरल्याची शिक्षा म्हणून नव्हे.

तात्पर्य, त्या घरातील मंडळींनी प्रथम क्रमांक पाहावा, मग आपले राज्य कोणते ते ठरवावे, मग दाखले गोळा करावेत, मग हिशेब मांडावा आणि शेवटी यादी भरावी. हा क्रम उलटा झाला, की दलालांचे फावते. पैसे देऊन जागा मिळवून देतो, असे सांगणारा मनुष्य मग दारी येतोच. प्रवेश अधिकृत फेऱ्यांतूनच होतात, एवढे ज्या घराला पक्के ठाऊक आहे, त्या घरातून तो रिकाम्या हाताने परत जाईल.