शिवेचा न्याय

दिवाडी बेटावर ऑगस्ट महिन्यात बोंदेरांचा उत्सव होतो. त्याची कथा अशी सांगतात की, पिएदाद व सां मातियस या दोन वाड्यांत हद्दीवरून तंटे होत, म्हणून पोर्तुगीज सरकारने तेथे निशाणे रोवली. लोकांनी ती पाडली. सरकारी खूण अशी पडली. मग गावांनी आपसांत ठरविलेली शीव, आमच्या कोकणीतील शीम, कशी टिके?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तिचा विचार आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस लावावे. राख, कोळसे, खापऱ्या जमिनीत पुराव्या. आणि दोन गावांचा तंटा ज्येष्ठात तोडावा, कारण तेव्हा खुणा स्पष्ट दिसतात. उन्हाळ्याअखेरचे उघडे रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांस यातील व्यवहारज्ञान सांगावयास नको.

मराठेशाहीत असे वाद गोतसभेपुढे येत. देशमुख, देशपांडे, शेजारच्या गावांचे पाटील, कुळकर्णी व बलुतेदार एकत्र बसत. आधी उभयतांकडून राजीनामा लिहून घेत. राजीनामा म्हणजे तेव्हा पदत्याग नव्हे, तर होईल तो निवाडा मान्य असल्याची कबुली! शिवाय जामीन द्यावा लागे. स्थानिक गोताविषयी संशय असल्यास वाद परस्थळी नेता येई. हरणाऱ्याचे तोंड असे आधीच बांधलेले असे, आणि तेही त्याच्याच हाताने.

कागदांनी निर्णय होईना, तर शिवेची माहिती असणाऱ्या माणसास शपथ घालून पुढे चालावयास लावीत. त्याने चाललेली रेघ ती शीव. हा माणूस पुष्कळदा महार वतनदार असे. ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर काही आपत्ती आली, तर त्याची साक्ष खोटी ठरे. एखाद्या तापाने खऱ्याचे खोटे व्हावे, हे आम्हांस मुळीच पटत नाही. आणि ज्याला गावकुसाबाहेर राहावे लागे, त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरावी, आणि जोखीमही त्यानेच घ्यावी, हे तर मनाला फारच लागते.

निवाडा झाला की हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. सभेच्या महजरावर सर्वांची साक्ष पडे. ज्यांना लिहिता येत नसे, ते आपल्या धंद्याची निशाणी काढीत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि त्याच कागदावर, इतर बलुतेदारांच्या बरोबरीने, महाराचीही.