सपाट पोटासाठी शस्त्रक्रिया : निर्णय घेण्यापूर्वी

पोट सपाट करून देण्याच्या जाहिरातींत बहुधा दोन छायाचित्रे असतात, एक आधीचे आणि एक नंतरचे. मधल्या काळातील वेदना, पट्टा, नळ्या व व्रण त्यांत दिसत नाहीत. पोट नेमके कशामुळे पुढे आले आहे, याचाही उल्लेख नसतो. वस्तुतः शस्त्रक्रियेची निवड याच एका प्रश्नावर अवलंबून असते.

पोटाची कातडी चिमटीत धरून पाहावी. जाड घडी हाती आली, तर मेद कातडीखाली आहे. घडी पातळ असूनही पोट नगाऱ्यासारखे टणक व पुढे आलेले असेल, तर मेद आतड्यांभोवती साठलेला असण्याची शक्यता अधिक. हा आतला मेद सौंदर्यशस्त्रक्रियेने काढता येत नाही. मधुमेह व हृदयविकाराशी त्याचाच निकटचा संबंध आहे, आणि तो आहार, व्यायाम व वैद्यकीय उपचार यांनीच कमी होतो. भारतीय पुरुषांत कमरेचा घेर 90 सें.मी. व स्त्रियांत 80 सें.मी. यांहून अधिक असल्यास प्रथम रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. पोट थोड्याच काळात वाढले असेल, तर पोटात पाणी होणे, अंडाशयाची गाठ किंवा हर्निया यांपैकी काही नाही ना, याची खात्री डॉक्टरांकडून आधी करून घ्यावी.

बाळंतपणानंतर पोटाच्या मध्यरेषेवरील स्नायू एकमेकांपासून फाकतात. उताणे झोपून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलावे व बेंबीच्या वर बोटे ठेवावीत. दोन बोटांहून रुंद खाच लागल्यास ही फाकण आहे असे समजावे. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत ती पुष्कळदा आपोआप व व्यायामाने कमी होते, म्हणून घाई करू नये.

लायपोसक्शन म्हणजे बारीक छिद्रांतून पोकळ नळी घालून कातडीखालील मेद शोषून काढणे. वजन जवळजवळ योग्य असलेल्या, कातडी घट्ट असलेल्या व्यक्तीला ते उपयोगी पडते. सैल कातडी त्याने ताणली जात नाही, उलट अधिक लोंबू शकते; फाकलेले स्नायूही जुळत नाहीत. हा वजन घटविण्याचा उपाय नव्हे. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल स्त्रियांच्या पोटावरील मेद मोठ्या प्रमाणात काढूनही इन्सुलिनच्या कार्यात सुधारणा आढळली नव्हती. एका वेळी 5 लिटरहून अधिक द्रव व मेद काढणे ही मोठी शस्त्रक्रिया मानली जाते. त्यानंतर रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक असते. ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’ असे आश्वासन मिळाल्यास किती मेद काढणार, हे अवश्य विचारावे.

ॲब्डोमिनोप्लास्टी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘टमी टक’, सैल कातडी व फाकलेले स्नायू यांसाठी आहे. ओटीपोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत छेद घेऊन जादा कातडी काढतात, स्नायू शिवतात व बेंबी नव्याने बसवितात. व्रण कायमचा राहतो. बैठ्या कामावर परतण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, आणि सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलता येत नाहीत. घरात लहान मूल असल्यास त्याला कडेवर कोण घेणार, याचा विचार आधी व्हावा. पुढे गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे श्रेयस्कर. सैलपणा केवळ बेंबीखाली असेल, तर आखूड छेदाची लहान शस्त्रक्रिया पुरते.

तंबाखूविषयी विशेष सांगावेसे वाटते. निकोटिनमुळे कातडीचा रक्तपुरवठा घटतो व शिवलेली कातडी काळी पडून मरू शकते. सिगारेटच नव्हे, तर गुटखा, मिश्री व तपकीरही शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत पूर्णपणे बंद असावी. अनेकजण मिश्रीला व्यसन समजत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. सौंदर्यप्रसाधनगृहात ही शस्त्रक्रिया कदापि करून घेऊ नये. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ उपस्थित राहणार का व अतिदक्षता विभाग उपलब्ध आहे का, हेही विचारावे. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावे. एका शस्त्रक्रियेस दिलेली संमती, जीव वाचविण्याची तातडी नसल्यास, दुसरीस लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आयुष्मान भारत योजनेत किंवा सामान्यतः आरोग्य विम्यात मिळत नाही.

घरी परतल्यावर एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, श्वास लागला, छातीत कळ आली, ताप चढला, किंवा जखमेभोवतीची कातडी काळवंडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. शल्यचिकित्सकांना तत्काळ कळवावे; श्वास लागल्यास किंवा छातीत दुखल्यास 112 क्रमांकावर दूरध्वनी करून जवळचे रुग्णालय गाठावे.