आवाजाविना संवाद : भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमची संहिता आणि मराठी

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये खेळणारी व्यक्ती एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारते आणि त्याच्या वतीने निर्णय घेते. या प्रकारातील अनेक कृतींत संवाद पडद्यावर केवळ लिखित स्वरूपात उमटतात; त्यांना नटाचा आवाज लाभलेला नसतो. अशा संवादांचे स्वरूप कोणते आणि ते मराठीत आणताना कोणता प्रश्न उद्भवतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आरंभी आवाजाचा अभाव ही तांत्रिक अपरिहार्यता होती. १९८६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सारी सामग्री ६४ किलोबाइटांत बसवावी लागली. जागेच्या टंचाईमुळे काताकाना लिपीतील मोजकीच अक्षरे वापरावी लागली. ध्वनिमुद्रित संवादांना तेथे वावच नव्हता. पुढे तंत्र बदलले, तरी काहींनी ही मर्यादा शैली म्हणून स्वीकारली. ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) अक्षरे उमटताना होणारा सूक्ष्म नाद आणि काही ठिकाणी अक्षरांचे वळण पात्रागणिक बदलते. याउलट ‘डिस्को एलिसियम’ ही शब्दबहुल कृती २०१९ साली अंशतः, तर २०२१च्या आवृत्तीत पूर्णतः ध्वनियुक्त झाली. एकच संहिता प्रथम वाचली आणि नंतर ऐकली गेल्याने तुलनेस ती विशेष उपयुक्त ठरते.

वोल्फगांग इझर याने १९७६ साली वाचनप्रक्रियेचे विवेचन करताना संहितेतील रिक्त स्थानांना महत्त्व दिले. मूक संवादातील आवाज हे असेच रिक्त स्थान होय. स्वर, गती, उपरोध, हे सारे वाचकास पुरवावे लागते. मराठी वाचकास हे अपरिचित नाही. ‘लीळाचरित्रा’तील संवाद आज वाचताना त्यांचा स्वर वाचकालाच योजावा लागतो. भेद इतकाच, की खेळात वाचक स्वतःही संवादाचा एक पक्ष असतो. पुढील उत्तर त्यालाच निवडावयाचे असते.

येथे मराठीचे व्याकरण महत्त्वाचे ठरते. जपानीत ‘ओरे’, ‘बोकु’, ‘वाताशि’ यांपैकी कोणते प्रथमपुरुषी सर्वनाम योजले, यावरून बोलणाऱ्याची वृत्ती सूचित होते. मराठीत ‘मी’ एकच. परंतु ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांतून क्रियापद लिंग प्रकट करते, तर ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून नाते. नायक की नायिका, ही निवड खेळणाऱ्यावर सोपविली असल्यास अनुवादकास अनेक वाक्यांचे दुहेरी पाठ सिद्ध करावे लागतील. लिखित संहितेत हे श्रमसाध्य. ध्वनिमुद्रणात खर्च वाढविणारे.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. वर्धा जिल्हा वऱ्हाडी व नागपुरी बोलींच्या सीमाप्रदेशात येतो. तेथील देवळीच्या वाचकास ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ ही रूपे घरची. अन्यत्र ती विनोदी ग्राम्य पात्राची खूण मानली जाण्याचा संभव असतो. ध्वनिमुद्रण एकच उच्चार निश्चित करते आणि तो बहुधा प्रमाणभाषेचा असतो. मूक संहितेत ‘डोळा’ हा शब्द देवळीचा वाचक मनात ‘डोया’ असाही उच्चारू शकतो. अर्थात ही मोकळीक केवळ साक्षर आणि दृष्टी असलेल्यांपुरती आहे. निरक्षरास व अंधास मूक संहिता दूरच ठेवते.

म्हणून आवाजाचा अभाव हा सर्वस्वी गुण नव्हे आणि केवळ उणीवही नव्हे. राजाच्या तोंडी प्रमाणभाषा आणि पहारेकऱ्याच्या तोंडी वऱ्हाडी अशी वाटणी अनुवादकाने केली, तर मूक संहितेने दिलेली मोकळीक त्याच्या लेखणीनेच हिरावली जाईल. बोलीला राजाचेही संवाद मिळतात काय, हीच अशा अनुवादाची कसोटी ठरावी.